आईची हॅटी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वैरीण माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मरून गेली होती. हे तिनं मुद्दाम केलं, असं माझं आजही म्हणणं आहे. जिवंत वैरिणीच्या वेण्या ओढता येतात, तिच्या बुटात बर्फ भरता येतो, तिच्या आईकडे चुगली करता येते. मेलेलीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, तिला सर्दी होत नाही, गणितात तिला कमी मार्क पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ती उलट बोलत नाही. माझ्या आईला नेमकी अशीच मुलगी हवी होती, आणि ती तिला श्रूजबरीच्या बाहेर, एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात सापडली.

आम्ही नागपूरहून अमेरिकेत आलो तेव्हा श्रूजबरीत देशी माणूस दिसला तर रस्त्यात गाडी थांबवून त्याला घरी जेवायला घेऊन यायचे. आज मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये जागेवरून भांडणं होतात. तेव्हा महिन्यातून एकदा कुणाकडे तरी पॉटलक असायचं आणि त्यात सगळ्यांनी बटाट्याची भाजीच आणलेली असायची. बाबा वुस्टरच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला, की समोरच्यांचं घर आम्हाला थेट मार्चमध्ये सापडलं. तोपर्यंत आम्ही धुराड्यालाच हात करायचो. बाबा सकाळी बाहेर पडून काच खरवडायला लागले, की त्यांची मिशी काचेला चिकटायची आणि आईला गरम पाण्याचं तपेलं घेऊन धावावं लागायचं. हे मी आमच्या मंडळात सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. ते नंतर आले, सेंट्रल हीटिंगवाले.

मी शाळेत जाऊन पटापट इंग्लिश झाले. आई दिवसभर घरात एकटी. मग हट्टानं ड्रायव्हिंग शिकली, आणि लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा एकटी निघाली तीच मुळी चुकीच्या वळणावर वळून बर्फात रुतली. समोर एक लाकडी स्टेशन. रूळ उखडलेले, गाड्या बंद झालेल्या. रेल्वेतून रिटायर झालेल्या काही जणांनी त्याचं छोटं म्युझियम केलं होतं. आई फावडं मागायला आत गेली, ती संध्याकाळी एक मुलगी दत्तक घेऊन बाहेर आली.

आत वॉल्टर नावाचे आजोबा होते. लालबुंद चेहरा, लांबच लांब पाय, आणि खिशात कायम शेंगदाणे. तरुणपणी ते रेल्वेत तारेवर होते, म्हणजे तारमास्तर. तिकिटाच्या खिडकीमागे त्यांनी जुनं यंत्र जिवंत ठेवलं होतं: टेबलावर एक पितळी कळ, आणि तारेवरून येणारं ऐकवणारी एक छोटी पितळी दांडी, जिला आम्ही पुढे ‘टकटक्या’ म्हणायला लागलो. टकटक्याचा आवाज मोठा व्हावा म्हणून त्याच्या मागे तंबाखूचा रिकामा डबा खुपसलेला असायचा. जुने सगळेच तारवाले असं करत. आईनं पुढच्याच आठवड्यात तो डबा काढून तिथे आमचा नागपूरहून आणलेला चहाचा पत्र्याचा डबा बसवला. वॉल्टर शपथेवर सांगायचे, की त्यानंतर टकटक्याचा सूर सुधारला. तिथून एक तार अंगणापलीकडच्या मालगोदामापर्यंत जायची आणि तिकडे दुसरी कळ, दुसरा टकटक्या. या टोकाला आई, त्या टोकाला वॉल्टर. महिनाभरात माझी आई, जिला दुकानात ‘थँक यू’ म्हणताना घाम फुटायचा, ती अंगणापलीकडच्या माणसाशी खुसूखुसू हसत टकटक करायला लागली.

आणि भिंतीवर हॅटीचा फोटो. एकोणिसाव्या शतकात हे स्टेशन चालवणारी तारेवरची बाई. बाई कसली, पोरगीच, माझ्याहून थोडी मोठी. काळा उंच गळ्याचा झगा, केस चापूनचोपून बांधलेले, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू ती माझ्याकडेच बघून म्हणतेय: अजून होमवर्क झाला नाही? तेव्हा अमेरिकेत अशा कितीतरी पोरी घर सोडून तारेवर बसल्या होत्या. पुरुषांपेक्षा पगार कमी, स्टेशनात एकट्या. पण तारेवर दूरदूरच्या बायका त्यांच्या मैत्रिणी. एकमेकींची तोंडं न बघता नुसत्या टकटकीच्या लकबीवरून ‘ही अमकी’ म्हणून ओळखायच्या.

हॅटीचा मोठा पराक्रम वॉल्टरनी आईला सांगितला आणि आईनं आम्हाला, जेवताना, झोपताना, गाडीत, पॉटलकला, कुणी विचारलेलं नसताना. तारेवर प्रत्येक स्टेशनची एक खूण असायची, दोन अक्षरांची. कुणाला बोलवायचं असलं तर त्याची खूण वाजवायची, आणि तो उत्तर देईपर्यंत वाजवतच राहायची. एका वादळात पुढचा पूल गेला, गाडी निघालेली, आणि मधल्या स्टेशनवरचा माणूस शेगडीपाशी गाढ झोपलेला. हॅटी त्याची खूण वाजवत राहिली. दुपार गेली, बोटं सुजली, शेगडी विझली, ती वाजवत राहिली. शेवटी तो उठला, त्यानं लाल झेंडी दाखवली, गाडी वाचली.

“थकली नाही गं पोर,” आई दर वेळी म्हणायची. “समोरून उत्तर नाही, तरी थकली नाही.”

झालं. त्या दिवसापासून आम्ही घरात तिनाचे चार झालो. मी बसस्टॉपवरून कुडकुडत आले तर “हॅटी वादळात चालत ड्यूटीवर जायची.” मी ताटात भात टाकला तर “हॅटी कळीशेजारी बसून थंड बीन्स खायची.” आणि आई तेवढ्यावर थांबली नाही. वॉल्टरच्या बायकोकडून रेसिपी आणून दर शनिवारी ती बीन्स करायला लागली. इथल्या लोकांचा शनिवारचा बेतच तो, बीन्स आणि डब्यातला ब्राऊन ब्रेड. आईनं त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि वर लाल तिखट. एरवी शनिवारी आमच्याकडे गोळाभात असायचा. कढत भातावर डाळीचे खमंग गोळे कुस्करून वर तेल घेतलं, की बाबांच्या चष्म्यावर वाफ धरायची. तो गोळाभात हॅटीनं खाल्ला, असं मी आणि बाबा समजून होतो.

“आज तुझ्या बहिणीनं काय रांधलंय?” बाबा कारखान्यातून येऊन मला हळूच विचारायचे.

“बीन्स.”

“मरू दे तिला.”

“ती मेलेलीच आहे बाबा.”

“तरीसुद्धा.”

त्यात आईनं हॅटीच्या फोटोची कॉपी काढून आणली आणि स्वयंपाकघरातल्या देवाच्या फळीवर, गणपतीच्या उजव्या हाताला ठेवली. बाबा म्हणाले, “अहो बाई, तिला आता हळदीकुंकू पण वाहा.” आई म्हणाली, दुसरीकडे खिळा नाही. अख्ख्या घरात खिळा नाही! माझा शाळेतला फोटो फ्रिजवर होता, कोबीच्या आकाराच्या मॅग्नेटखाली, आणि तो कोबी माझ्या नाकावर होता.

पण माझा खरा जळफळाट व्हायचा तो पोळ्यांच्या वेळी. संध्याकाळी मी वरच्या खोलीत टीव्हीसमोर लोळत असायचे, आणि खालून आवाज यायचा. आई लाटण्यानं पोळपाटावर तारेचा सराव करायची; तारेत प्रत्येक अक्षर लांब-आखूड ठोक्यांचं. लाटणं टेकवून सरकवलं की लांब, नुसतं आपटलं की आखूड. सर्र-टक-सर्र, टक-टक-सर्र. मग गप्प. मग पुन्हा तेच. सर्र-टक-सर्र, टक-टक-सर्र. रोज तेच, तोच तुकडा, पोळ्या होईपर्यंत. मला खात्री होती, की फळीवरच्या फोटोशी हिचं काहीतरी गूज चाललंय. मग थोड्या वेळानं तिची मराठीत हाक यायची, “कुंदेऽ, जेवायला चल गं,” आणि मी वरून ओरडायचे, “इन अ मिनिट!” ते मिनिट टीव्हीवरचा कार्यक्रम संपेपर्यंत चालायचं. माझी नात आज कानात ते पांढरे इअरबड घालून बसते आणि मी तिच्या दारात उभी राहून हात हलवते, विमान उतरवणाऱ्या माणसासारखी. तिला विचारलं तर ती पण ‘इन अ मिनिट’च म्हणते. मिनिट तेवढंच लांब राहिलंय.

मी सूड घ्यायचं ठरवलं. शनिवारी आई मला बळेबळेच स्टेशनात घेऊन जायची, आणि वॉल्टरनी मला काम दिलं होतं, आलेल्या लोकांना माहिती सांगायचं. चालत आलेली संधी! मी हॅटीची बदनामी सुरू केली. पहिल्या शनिवारी मी दोन म्हाताऱ्या बायकांना सांगितलं, की हॅटी प्रवाशांचे जेवणाचे डबे उघडून त्यातला ॲपल पाय खायची. दुसऱ्या शनिवारी तिची तारेवरून एकाच वेळी तीन माणसांशी लग्नं ठरली होती, आणि तिघंही एकाच गाडीनं उतरले. तिसऱ्या शनिवारी ती घोरायची, इतकी, की तिच्या घोरण्याचा अर्थ लावून पुढच्या स्टेशननं एक मालगाडी सोडली. मी हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, की एक गृहस्थ डोळे पुसत बाहेर गेले.

आणि झालं काय? लोक वाढले! ज्या स्टेशनात आठवडाभरात चार टाळकी यायची, तिथे पार्किंगला जागा मिळेना. लोक आपल्या पोरांना घेऊन यायचे, “ती घोरणारी कुठे बसायची?” विचारायचे, तिच्या खुर्चीसोबत फोटो काढायचे. मी जेवढी तिला खाली ओढावी तेवढी ती वर. वॉल्टर खूश. तारेवर असताना त्यांनी स्वतः याहून मोठ्या थापा मारल्या होत्या, असं ते म्हणायचे, आणि ती सुद्धा थापच असावी. आई मात्र काही बोलली नाही. ते जास्त लागलं मला. ओरडली असती तरी चाललं असतं. निदान माझ्याकडे बघून ओरडली असती.

मग वसंतात स्टेशनचा मोठा दिवस आला. दरवर्षी त्या दिवशी कुणीतरी हॅटी व्हायचं, तिच्यासारखा झगा घालून खिडकीत बसायचं आणि लोकांनी दिलेले निरोप गोदामातल्या माणसाला तारेनं पाठवायचे. त्या वर्षी मला हॅटी व्हायचं होतं. हो, मलाच. तिचा तिरस्कार करत असले म्हणून काय झालं? आई तासन्‌तास ज्या खुर्चीकडे बघायची त्या खुर्चीत मी बसले, तर तिला मलाच बघावं लागेल, असा माझा सरळ हिशोब. मी वॉल्टरना सूचना दिली, आईला सूचना दिली, गणपतीला सुद्धा दिली. वॉल्टर म्हणाले, “पोरी, तुला कळ येत नाही. झगा कुणालाही बसेल, हात कुठून आणणार?” आणि आई तो झगा स्वतःसाठी शिवायला बसली. काळा, उंच गळ्याचा. नागपूरची माझी आई, कुंकू लावून, हॅटी होणार होती. म्हणजे आता हॅटीनं आईसुद्धा खाल्ली.

त्या दिवशी गर्दी ही! मॅसॅच्युसेट्स रिकामं झालं असावं. बाबा डोनटच्या टेबलाशी उभे, एक खाऊन दुसरा लपवत. आई खिडकीत, वॉल्टर गोदामात, टकटक्या चहाच्या डब्यावर ताशासारखा वाजतोय. लोक निरोप देत होते, आई पाठवत होती, आणि पलीकडून वॉल्टर मोठ्यानं वाचून दाखवत होते, अक्षर न्‌ अक्षर बरोबर. लोक टाळ्या पिटत होते. आईचे गाल लाल झाले होते. मी तिला इतकी सुंदर कधी बघितली नव्हती, आणि ती माझ्यासाठी सुंदर दिसत नव्हती.

मी बाकावर चढले. म्हटलं, आता हॅटीचा पुरता निकाल लावायचा. “मंडळी,” मी ओरडले, “खरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेलीच नाही! त्या वादळात कळ हॅटीनं वाजवलीच नव्हती!” गर्दी वळली. “इथे एक मदतनीस मुलगी होती. शेगडीपाशी बसायची. शेगडी तीच पेटवायची, बर्फ तीच उपसायची, आणि हॅटी झोपल्यावर सबंध दुपार कळ तिनंच वाजवली. तिचा फोटो कुठे आहे? नाही! नाव कुठे आहे? नाही! कारण हॅटीला पार ऑल्बनीपर्यंतच्या सगळ्या बायका ठाऊक होत्या, सगळ्यांशी बोलायला वेळ होता. पण ही पोर तिच्या शेजारी बसलेली, ती काही तारेवर नव्हती. म्हणून हॅटीनं तिला सबंध हिवाळ्यात एकदासुद्धा हाक मारली नाही!”

हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. ते आपलं आपण आलं, आणि येताना माझा आवाज घेऊन गेलं.

आणि टकटक्या बंद पडला. या तारेचा एक रिवाज होता. कळीच्या बाजूला एक छोटी पितळी पट्टी असते. वॉल्टर तिकडून काही पाठवत असताना ऐकणारीनं ती पट्टी सरकवली, की तारच तुटते; दोन्ही टोकांची यंत्रं मुकी होतात आणि पाठवणाऱ्याला कळतं, थांब, मला बोलायचंय. आईनं पट्टी सरकवली होती. खिडकीतून ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं पट्टी मागे घेतली आणि कळीवर बोट ठेवलं.

लांब, आखूड, लांब. आखूड, आखूड, लांब.

थांबली. पुन्हा तेच. मला भूक लागली. खरंच सांगते, भर गर्दीत मला पोळ्यांचा वास आला. हा तोच तुकडा होता, पोळपाटावरचा.

गोदामाचं दार उघडून वॉल्टर लांब ढांगा टाकत बाहेर आले. “मिसेस, कुणाला बोलावताय? के-यू म्हणून कुठलं स्टेशन आपल्या तारेवर नाही!”

आई थांबली नाही.

“थांबणार नाही ती,” वॉल्टर लोकांना म्हणाले. “उत्तर येईपर्यंत थांबायचं नसतं. अरे, इथे के-यू कोण आहे?”

बाबांच्या तोंडात डोनट होता. तसेच ओरडले, “कुंदे! गाढवे! तुझी हाक आहे ती!”

मी बाकावरून उतरले. लोकांनी वाट करून दिली. आई वाजवतच होती, डोळे माझ्यावर. वॉल्टर वाकून माझ्या कानात म्हणाले, “उत्तर द्यायचं ते असं: दोन आखूड, पुन्हा दोन आखूड, आणि मग तुझी खूण.” मी तिकिटाच्या खिडकीच्या फळीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक-टक, टक-टक. पुढचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. सबंध हिवाळा जेवणाआधी ते माझ्या कानात लाटलं गेलं होतं.

आईचं बोट थांबलं.

“दिलंस एकदाचं उत्तर,” ती म्हणाली.

“मला काय माहीत ती माझी हाक होती? मला वाटलं तू हॅटीशी बोलतेस. मराठीत मारायची ना सरळ!”

“मराठीत मारली की तू इंग्लिशमध्ये उत्तर देतेस. इन अ मिनिट.” तिनं माझी नक्कल इतकी हुबेहूब केली, की मागे कुणीतरी हसलं. “म्हटलं, तिसऱ्या भाषेत मारून बघावी.”

“रोज?”

“समोरून उत्तर नाही म्हणून थांबायचं असतं का?”

मी नाक ओढलं आणि विचारलं, “बरं, मग काय म्हणायचं होतं तुला?”

आईनं विचार केला. “काही नाही. जेवायला ये, एवढंच.”

लोकांना यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. मदतनीस मुलीची गोष्ट तर त्यांनी इतकी मनावर घेतली, की त्या स्टेशनात आजही ती सांगतात. मागच्या उन्हाळ्यात मी नातीला घेऊन गेले, तर कॉलेजातला एक पोरगा मलाच सांगत होता, शेगडीपाशी एक मुलगी बसायची म्हणून. मी म्हटलं, फारच हुशार असेल ती. तो म्हणाला, होय, आणि दिसायलाही सुंदर होती. हे त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं. पोरगा पुढे जाईल.

घरी जाताना गाडीत बाबा आमच्याकडे बघेनात. काच अर्धी खाली, मान बाहेर. “काय झालं हो?” आईनं विचारलं. ती अजून हॅटीच्या झग्यातच होती.

“काही नाही,” बाबा म्हणाले. मग सिग्नलला: “हिला खूण आहे. त्या मेलेलीला पण असेल.”

“मग?”

“माझी काय?”

“तुम्हाला कशाला खूण? फोडणी टाकली की येता तुम्ही.”

यावर बाबांनी काच पूर्ण खाली केली. इतका जळलेला माणूस मी आरशाबाहेर कधी पाहिला नव्हता. आल्याबरोबर गॅरेजमध्ये जाऊन उगाच हातोडी-पान्यांची आदळआपट करत बसले. मी त्या दिवशी वर गेले नाही. स्वयंपाकघरातच स्टुलावर बसले, आईच्या अगदी जवळ, फळीवरच्या हॅटीला पाठ करून. तव्यावर तेल, परातीत गोळाभाताचे गोळे, शनिवार असून बीन्सचा पत्ता नाही. आईनं पोळपाट ओढला आणि समोर बसलेली असूनही माझी खूण वाजवली. मी स्टुलावर उत्तर दिलं. मग ती जरा थांबली, मानेला एक झटका दिला, आणि लाटण्यानं काहीतरी नवीनच वाजवायला लागली, मी कधीही न ऐकलेलं, वळणावळणाचं, सर्र-टक-टक-सर्र करत लांबच लांब जाणारं. गॅरेजमधली आदळआपट थांबली. बाबा दारात आले, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि तोंडभर असे हसले, की मला बघवेना.

त्यांची खूण माझ्यापेक्षा लांब होती. चांगली दुप्पट. का, ते आईनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.